शहाणीं यंत्रें आणि जागरूक माणूस

“यंत्रेंच जर विचार करूं लागलीं, तर कारखान्यांत माणसानें करावयाचें तरी काय?” घरांतला मुलगा इंजिनियर होऊन बाहेर पडला, कीं वडील मंडळी हल्लीं हा प्रश्न हटकून विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करूं.

जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत आंबेर्ग येथें सीमेन्स कंपनीनें १९८९ सालीं एक कारखाना उभारला. इतर कारखान्यांतील यंत्रांना हुकूम देणारीं ‘सिमॅटिक’ नांवाचीं नियंत्रक उपकरणें तेथें तयार होतात. आणि मौज ही, कीं तीं घडविणाऱ्या यंत्रांवरहि त्यांचेंच नियंत्रण असतें! प्रत्येक वस्तूवरील खूण वाचून यंत्र आपलें काम ओळखतें, आणि झालेल्या क्रियेची नोंद आपोआप होते. सुमारें तीन चतुर्थांश काम यंत्रें व संगणकच उरकतात. उत्पादन कित्येक पटींनीं वाढलें. तरी हजाराहून अधिक माणसें तेथें कामावर आहेतच.

हीं माणसें करतात काय? ह्याचें उत्तर एका जुन्या मागांत सांपडतें. जपानांतील साकिची टोयोडा यांनीं १९२४ सालीं असा स्वयंचलित माग सिद्ध केला, कीं सूत तुटतांच तो थांबे. त्यामुळें एकेका मागापुढें डोळे लावून बसण्याची गरज उरली नाहीं. एकच कामगार अनेक माग सांभाळूं लागला. परंतु सूत कां तुटलें, हें शोधणें त्याच्याकडेच राहिलें.

आजहि तसेंच आहे. यंत्र तापलें, थरथरूं लागलें, तर त्यावर बसविलेले संवेदक तत्काळ सूचना देतात. पण यंत्र आतांच थांबवावें, कीं हातचें काम पुरें होऊं द्यावें? दोष यंत्रांत आहे, कच्च्या मालांत, कीं धूळ बसलेल्या संवेदकांतच? कुकर शिट्टी देतो; डाळ शिजली कीं नाहीं, हें घरच्या गृहिणीलाच ठरवावें लागतें. कारखान्याची व्यवस्था पाहणें म्हणजे हेंच.

तथापि एक कटु सत्य झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तेंच तें काम हातांनीं करणाऱ्याची जागा खरोखर धोक्यांत आहे. त्याला नवें शिकविण्याचा भार कारखानदारानें उचलला नाहीं, तर यंत्रांचा शहाणपणा त्या कुटुंबाच्या मुळावर येईल.

म्हणून मुलगा कामावरून घरीं आला, कीं “आज किती यंत्रें चालविलींस?” असें त्याला विचारूं नये. “आज कोणता दोष शोधून काढलास?” असें विचारावें.