मरणपंथाला लागलेला कैदी: समज काय, कायदा काय

‘गुन्हा गंभीर असेल तर माणूस कितीही आजारी असो, जामीन नाहीच,’ असं कैद्यांचे नातेवाईकसुद्धा धरून चालतात. तसं नाही. जन्मठेपेच्या गुन्ह्यातही आजारी किंवा दुर्बल आरोपीला न्यायालय जामीन देऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये ते लिहिलेलंच आहे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात अशी सोय शब्दांत नाही. तरीही त्याखाली अटकेत असलेले, एल्गार परिषद खटल्यातले कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

त्याच खटल्यात आदिवासींसाठी काम करणारे पाद्री फादर स्टॅन स्वामी होते. अटक ऑक्टोबर २०२० ची. तेव्हा वय ८३, त्यात पार्किन्सन्स. हात इतके थरथरत की पेला धरवेना, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तारीख पडली २० दिवसांनंतरची. मार्चमध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मेअखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना तळोजा तुरुंगातून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं, ते गेले. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. साध्या सिपरसाठी म्हाताऱ्या माणसाला कोर्टात जावं लागलं, याचा संताप आजही ओसरत नाही.

‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं’ हा घरोघरचा समज. खरं तर जन्मठेप आयुष्यभराची. फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात सरकारला १४ वर्षांआधी शिक्षामाफी देता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. राज्यपालांना घटनेच्या कलम १६१ ने दिलेल्या अधिकाराला ती अट लागू नाही; मरणाच्या दारातल्या कैद्यासाठी तो आधीही वापरता येतो.

आणि ‘आत दवाखाना असतोच की!’ असतो, १८९४ च्या तुरुंग कायद्यानेच तो सांगितला आहे. पण केमो तिथे होत नाही. बाहेर न्यायचं तर पोलिसांचा गार्ड लागतो. गार्ड आला नाही की रुग्णालयाची तारीख हुकते, आणि कॅन्सर काही पुढच्या तारखेची वाट बघत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कित्येक घरं जामिनाचा अर्जच करत नाहीत. पण कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज तुरुंगातूनही करता येतो. अलीकडचे वैद्यकीय कागद सोबत जोडा.