मागे कोण बसणार? प्रवासी मोटारसायकलला काय जोडावे, काय जोडू नये



अलीकडे आपल्या मंडळातील काही घरांत उंच, दणकट 'अॅडव्हेंचर' प्रकारच्या मोटारसायकली आल्या आहेत. कुणाकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे, कुणाकडे पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम. गाडी दारात आली की आठवड्याच्या आत प्रश्न येतो : आता हिला काय काय लावायचे? मुले आम्हाला विचारतात, कारण निवृत्तीनंतर आम्ही दोघांनीही एक जुनी हिमालयन घेतली. तिच्यावर हौसेने खर्च केला. त्यातला निम्मा वाया गेला आणि एका खर्चाने तर आम्हाला धोक्यात घातले. तो अनुभव आणि त्यानंतर शिकलेल्या गोष्टी येथे मांडत आहोत.

आपले गुडीहत्नूर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, म्हणजे पूर्वीच्या ७ क्रमांकाच्या महामार्गावर. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारे मोटारसायकलस्वार येथूनच जातात. तिन्ही बाजूंना पेट्या, चार-चार दिवे, पुढे झेंडा असा थाट करून ते चहाला थांबतात आणि आपली मुले त्या गाड्यांभोवती गोळा होतात. पण तो स्वार बहुधा एकटा असतो आणि त्याला पंधरा-वीस दिवसांचे सामान न्यायचे असते. आपली गाडी किनवटमार्गे माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाते, पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेला जाते, पावसाळ्यात कुंटाल्याच्या धबधब्याला जाते. मागे आई, पत्नी किंवा बहीण असते आणि पुष्कळदा ती साडीत असते. म्हणून पहिला प्रश्न 'काय लावू?' हा नसून 'मागे कोण बसणार?' हा आहे.

साडी गार्डची गोष्ट

आम्ही शहरातल्या एका फिटरकडून बाजूच्या पेट्यांसाठी लोखंडी सांगाडा बसवून घेतला. डाव्या बाजूचे साडी गार्ड आड येत होते. "काका, हे काढून टाकू, गाडी पण छान दिसेल," असे तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. दोष त्याच्याइतकाच आमचाही. महिनाभराने माहूरहून परतताना पदराचे टोक चाकाकडे ओढले गेले. गतिरोधकामुळे वेग अगदी कमी होता. सौ.ने पाठीवर थाप मारली, गाडी जागीच थांबली. पदर फाटला, खांद्याला हिसका बसला, एवढ्यावर निभावले. हेच महामार्गावर घडले असते तर हा लेख लिहायला आम्ही बसलो नसतो.

नंतर नियम वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ सांगतो की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवेच. म्हणजे साडी गार्ड हा शोभेचा भाग नाही. ते ठेवून जी पेटी बसेल तीच घ्यावी.

दुसरी गोष्ट, एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी डाव्या बाजूची पेटी निरुपयोगी आहे. गुडघे पेटीला अडतात, मग ती पुढे सरकते आणि चालवणाऱ्याचा तोल जातो. फक्त उजवीकडे पेटी लावली तर गाडी एका अंगाला ओढते. आम्ही दोन्ही पेट्या काढल्या. लांबच्या प्रवासात सौ. आता सलवार-कुर्ता घालून दोन्हीकडे पाय टाकून बसते, पदर-ओढणी खोचलेली आणि डोक्यावर हेल्मेट. सामानासाठी कापडी, वॉटरप्रूफ बॅगा वापरतो. त्या रिकाम्या असताना जवळजवळ वजनच नसते.

वजनाचा हिशेब

बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण प्रत्येक वस्तू लावण्याआधी तिचे वजन वहीत लिहायची सवय आम्ही लावून घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची नवी हिमालयन सुमारे १९६ किलोची आहे. २०१६ मध्ये आलेल्या जुन्या ४११ सीसीच्या गाडीचे वजनही जवळपास तेवढेच. गाडीवर एकूण किती भार चालतो हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. त्यातून दोन माणसांचे वजन वजा करा. उरेल त्यात सांगाडा, पेट्या, गार्ड आणि सामान सगळे बसले पाहिजे. लोखंडी जोडण्या वाढल्या की सामानाला जागाच उरत नाही.

वजन कुठे ठेवले हेही महत्त्वाचे. मागच्या चाकाच्या आसाच्याही ४० सेंटिमीटर मागे टॉप बॉक्स आहे आणि त्यात १५ किलो सामान आहे असे समजा. दोन चाकांमधले अंतर सुमारे १५० सेंटिमीटर असते. १५ ला ४० ने गुणून १५० ने भागले की ४ येतात. म्हणजे मागच्या चाकावर १५ ऐवजी १९ किलो पडतात आणि पुढच्या चाकावरचे ४ किलो उचलले जातात. पुढचे चाक हलके झाले की हँडल थरथरते, ब्रेकची पकड कमी होते आणि हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात.

म्हणून जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात, टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि शाल. दोघे बसणार असाल तर मागच्या शॉकअबची स्प्रिंग एक-दोन घरे घट्ट करावी. त्याचा पाना बहुतेक गाड्यांच्या हत्यारांत असतो. टायरमधली हवाही दोघांसाठी वेगळी लागते, तो आकडा चेन कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये पाहावा आणि टायर थंड असताना भरावी. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात गरम टायरची हवा मोजली तर आकडा फसवतो.

आपल्या मातीसाठी

आम्ही लावलेली सर्वांत उपयोगी वस्तू सर्वांत स्वस्तही निघाली : साइड स्टँडच्या टोकाला बसणारी रुंद पट्टी. काळ्या मातीत पावसाळ्यात स्टँड बुडते आणि दोनशे किलोची गाडी आडवी होते. ती उचलणे साठीतल्या माणसाचे काम नाही.

इंजिनखालची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची पत्र्याची ढाल आणि हँड गार्ड हेही कामाचे. हँड गार्ड ब्रेक-क्लचचे दांडे वाचवतात आणि डिसेंबरात आदिलाबादकडच्या पहाटेच्या गारठ्यात बोटेही वाचवतात. नवी हिमालयन आणि केटीएम यांना रेडिएटर असतो, त्याला जाळी लावावी, पण चिखल झाला की ती धुवावी. नाहीतर जाळीच हवा अडवते.

उंच मडगार्ड काढून चाकाला चिकटून बसणारे छोटे मडगार्ड लावायची फॅशन मात्र आपल्याकडे चालत नाही. रेगडी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये थरावर थर बसते आणि शेवटी चाक फिरायचे थांबते. कंपनीने ती पोकळी विचार करून ठेवलेली आहे.

हँडल उंच करणारे तुकडे पाठदुखी असणाऱ्यांना आराम देतात. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. क्लचची केबल किंवा ब्रेकची नळी ताणली जात असेल तर ते उतरवावेत.

दिवे

कापसाच्या हंगामात रात्री बाजाराकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-बैलगाड्यांना मागे दिवा नसतो, हे आपण सारे जाणतो. म्हणून जादा दिवे लावायला आमचा विरोध नाही. २० वॅटचे दोन दिवे पुरेत. ४० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साधारण साडेतीन अँपियर. त्याला स्वतंत्र वायर, ५ अँपियरचा फ्यूज, रिले आणि चावी बंद केली की बंद होणारे स्विच हवे. हेडलाइटची वायर सोलून जोड देणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नको म्हणावे. अशा जोडातून वायर तापते आणि वॉरंटीचा वादही निघतो. दिवे खाली झुकवावेत आणि समोरून वाहन आले की बंद करावेत. आपणही मागून दिसावे म्हणून बॅगांवर परावर्तक पट्टी चिकटवावी. तिचा खर्च नगण्य आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल कलम १९०(२) आहे : १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. बॅग, पट्टी, हँड गार्ड हे एक. इंजिन, सायलेन्सर, चाकांचा आकार, रंग हे वेगळे. शंका असेल तर पैसे देण्याआधी आरटीओत विचारावे.

विम्याबाबत मुलांना एवढेच सांगतो की जोडलेल्या वस्तू पॉलिसीत नोंदवा, थोडा जादा हप्ता द्या आणि बिले जपा. न नोंदवलेल्या वस्तूची भरपाई मागता येत नाही.

आमचा क्रम

पहिले पैसे दोन चांगल्या हेल्मेटवर खर्च करावेत, दुसरे हेल्मेट मागच्या माणसासाठी. मग टायर आणि ब्रेक. मग स्टँडची पट्टी, इंजिनखालची ढाल, हँड गार्ड. त्यानंतर कापडी बॅगा, शेवटी दिवे. प्रत्येक वस्तू लावल्यावर महिनाभर गाडी चालवा आणि मगच पुढची घ्या.

आमच्या गाडीवर आज साडी गार्ड पुन्हा जागेवर आहे. फाटलेल्या पदराची ती साडी सौ.ने टाकलेली नाही. कुणी मुलगा नवी गाडी दाखवायला घरी आला की ती कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवते आणि विचारते, "आईला मागे बसवून पाहिलंस का रे?"