अ‍ॅन्सोनियाचे घड्याळ पारखताना

तबकडीवर ‘अ‍ॅन्सोनिया, न्यू यॉर्क’ असे नाव दिसले, की जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचा भाव वाढतो. कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या व पुढे ब्रुकलिनला गेलेल्या या कंपनीची यंत्रसामग्री १९२९मध्ये सोव्हिएत रशियाला विकली गेली. तबकडी बदलता येते. म्हणून नाव आतील यंत्राच्या पितळी पट्टीवरही शोधावे.

टोले पडतात म्हणजे घड्याळ ठणठणीत, असे नव्हे. वाळलेले तेल आणि धूळ यांमुळे पट्टीतील आसांची भोके झिजून लांबट होतात, चाकांचे दाते नीट जुळत नाहीत आणि लंबक अडखळतो. हा दोष बुशिंग बसवून दूर होतो. लाकडावरचे मूळ पॉलिश एकदा खरवडले, की मात्र ते परत येत नाही. आणि विक्रेते नेमक्या त्या नव्या चकाकीचेच जादा पैसे मागतात!