फड अनुदानावर चालत नाही

तमाशाचा, दशावताराचा किंवा भजनी मंडळाचा विषय निघाला की गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "सरकार देतं की त्यांना!" त्याच गप्पांत दुसरा म्हणतो, "कलेसाठी सरकार एक पै सोडत नाही." दोघेही चुकतात, कारण पैसा कुणाला, कशासाठी आणि केव्हा मिळतो हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

तमाशाचंच घ्या. समज असा, की फडाला वर्षाकाठी ठरलेली सरकारी रक्कम मिळते आणि तिच्यावर तो गावोगाव फिरतो. प्रत्यक्षात फड चालतो सुपारीवर आणि तिकिटावर. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी यात्रा कमिटीची माणसं नारायणगावला येतात. तिथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. ती रक्कम येते गावच्या वर्गणीतून. अवकाळी पावसानं हाताशी आलेलं पीक गेलं की वर्गणी घटते आणि तिच्याबरोबर सुपारीही. या सौद्यात सरकार कुठेच नसतं.

मग अनुदान कशाचं? राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे प्रयोगात्मक कलांसाठी दोन प्रकारचं अनुदान आहे. भांडवली अनुदान साहित्य-सामग्रीसाठी, आणि प्रयोग अनुदान प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगांवर. ढोलकी फड (पूर्णवेळ आणि हंगामी वेगवेगळे), संगीतबारी, दशावतार, खडीगंमत, शाहिरी, विधिनाट्य असे त्याचे गट आहेत. पण कलावंतांना उचल द्यायची, कनात उभारायची, गाड्यांत डिझेल भरायचं, हे फडमालकाला हंगामाच्या तोंडावर करावं लागतं. अनुदान त्या भाराला टेकू देतं, भार उचलत नाही. २०२५च्या गणेशोत्सवात १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये भांडवली अनुदान जाहीर झालं. एकूण आकडा साडेचार कोटींचा, म्हणून बातमीत भरघोस वाटतो. मंडळाच्या हाती मात्र पेटी, पखवाज आणि टाळांपुरताच पैसा येतो.

"हे सगळं खेड्यात जातं, आम्हा शहरवाल्यांना काय?" हा आणखी एक समज. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली महापालिकेनं उभारलं आणि आजही ते महापालिकाच चालवते. बऱ्याच शहरांतली नाट्यगृहं अशीच पालिकेच्या पैशावर उभी आहेत. हौशी राज्य नाट्यस्पर्धा सरकारच भरवतं. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताच्या दीड लाखापर्यंतच्या बिदागीवरही नाही. सरकारनं न घेतलेला करही सरकारी मदतच असते. शहरातला प्रेक्षक ती खुर्चीत बसून घेतो, त्याला ती दिसत नाही एवढंच.

संस्कृती म्हणजे मुंबई-दिल्लीचं खातं, हेही खरं नाही. १९९२च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी अकरावी आणि नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आणली. पहिलीत सांस्कृतिक कार्य आणि जत्रा-बाजार आहेत, दुसरीत सांस्कृतिक बाबींना चालना देणं आहे. विषय सोपवणं राज्यावर अवलंबून असतं, पण ग्रामसभेत नाला आणि रस्ता यांच्या जोडीला जत्रेचा मंडप मांडायला कुणाची आडकाठी नाही.

युनेस्कोबद्दल तर फारच गोड समज आहे: तिच्या वारसा यादीत नाव गेलं की पैशांचा ओघ सुरू. कोलकात्याची दुर्गापूजा २०२१मध्ये त्या यादीत गेली. तिथल्या पूजा मंडळांना पैसे देतं ते पश्चिम बंगाल सरकार, आणि तेही २०१८पासून, म्हणजे यादीच्या आधीपासून. तेव्हा १०,००० रुपये मिळत, २०२५मध्ये १,१०,००० झाले. यादीनं मान मिळतो, तिजोरी राज्याचीच.

सर्वांत जास्त घोळ मानधनाबद्दल आहे. कलावंत म्हातारा झाला की पेन्शन सुरू होते, असं लोक धरून चालतात. योजना आहे, जुनी आहे. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या आणि स्थानिक कलावंताला २,२५० रुपये मिळत. २०२४पासून सरसकट ५,००० झाले, ही चांगली सुधारणा. पण मानधन आपोआप मिळत नाही. वय ५० हवं (दिव्यांगांना सवलत), उत्पन्नाची मर्यादा आहे, निवड जिल्हा समिती करते आणि दरवर्षी जिल्ह्यातून ठरावीकच नावं घेतली जातात.

शिवाय कलेत घालवलेल्या वर्षांचा पुरावा लागतो, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. तीस वर्षं सोंगाड्याचं काम केलेल्या माणसाजवळ दाखवायला असतं काय? पोस्टरवर नाव फडमालकाचं. ढोलकीवाला, झीलकरी, गवळणीतली मावशी यांची नावं कुठे छापलीच नाहीत. खर्चाची वही मात्र यात्रा कमिटीपाशी असते. कोणत्या सालच्या जत्रेला कोणाचा फड आला आणि त्यात कोण कोण होतं, एवढं तिच्यात टिपून ग्रामपंचायतीनं सही-शिक्क्यानिशी दाखला दिला, तर अर्जाला जोडायला निदान एक कागद होईल. त्याला कुठल्याच योजनेची मंजुरी लागत नाही.