आत्याबाईंचा नावाचा फंडा

शाळेत आमच्या वर्गात चार स्नेहल होत्या. बाईंनी हाक मारली की चार माना वळायच्या. आज ऑफिसातही आम्ही दोघी आहोत, आणि तिची मेल हमखास मला येते. म्हणून दादाला मुलगी झाली तेव्हा मी जाहीरच करून टाकलं, ‘‘आत्या मी आहे. नाव मीच शोधणार. आणि पुढची वीस वर्षं कॉमन होणार नाही असंच!’’

हातात बारा दिवस. नक्षत्र मृगशीर्ष, पहिलं चरण, अक्षर ‘वे’. फॅमिली ग्रुपवर पहिल्या तासात वेदिका तीनदा आलं, वेदांती दोनदा. झालं ना टेन्शन सुरू!

पण एखादं नाव पुढे कॉमन होणार, हे आधी कळतं का? अमेरिकेत यावर सॉलिड काम झालंय. तिथलं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं मोजून जाहीर करतं. मुलींमध्ये १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं जेनिफर नंबर वन. म्हणजे त्यांची स्नेहलच की!

२००५ मध्ये ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या पुस्तकात स्टीव्हन लेव्हिट आणि स्टीफन डबनर यांनी चक्क २०१५ ची नावं वर्तवली. फंडा सोपा : शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतली आजची नावं काही वर्षांनी सगळीकडे पोचतात. २०१५ उजाडलं. यादीतली एमा मुलींमध्ये पहिली, लियम मुलांमध्ये दुसरा. पण मुलांमध्ये पहिला आलेला नोआ यादीत नव्हताच. आणि मुलांच्या यादीतलं हार्पर निघालं मुलींच्या टॉप टेनमध्ये!

मग जोना बर्जर या अभ्यासकाचं काम सापडलं. २००९ मध्ये त्याने एका सहकाऱ्याबरोबर दाखवलं, की झटकन वर गेलेलं नाव झटकन खालीही येतं. २०१२ चा अभ्यास तर भारीच. एखादा ध्वनी कानावर फार पडला, की त्याच ध्वनीची दुसरी नावंही वाढतात.

खरंय की! आईच्या मैत्रिणी आठवा : सुनीता, अनिता, वनिता, संगीता. आणि आता सोसायटीच्या बागेत विहान, रेयांश, आरोही, अनन्या. प्रत्येक आईबाबांनी युनिकच शोधलं होतं, पण कान सगळ्यांचे एकाच काळातले.

ग्रुपवर मी हे ज्ञान पाजळत होते, तेवढ्यात बाबांचा मेसेज आला, ‘तुझ्या आजीचं माहेरचं नाव वेणू.’

आम्हाला आजी फक्त सुशीला म्हणून माहीत. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि वेणू तिथेच संपली. तिला कुणी विचारलंही नसेल. आजी जाऊन सहा वर्षं झाली.

दादा म्हणाला, ‘‘अगं, ऑफिसात मीटिंगचं ‘व्हेन्यू’ म्हणून चिडवतील!’’ वहिनीने मात्र ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘ताई, हेच.’’

बारशाला पाळण्यात वाकून मी कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मागे बाबा डोळे पुसत होते.

वीस वर्षांनी वर्गात चार वेणू निघाल्या तर? निघू देत. त्यातली एक आमच्या आजीची असेल.