अगत्तीचं गायरान

कोकणातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहून आलेल्या माणसाला कासवाविरुद्धची तक्रार ऐकवत नाही. लक्षद्वीपमधल्या अगत्तीच्या मच्छीमारांची मात्र तीच तक्रार आहे. कासवं जाळी फाडतात आणि लगूनमधलं, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यातलं, गवत संपवतात. गवत गेलं की मासळी गेली.

ही कासवं वेगळी. वेळासचं कासव खेकडे-शिंपल्यांवर जगतं. अगत्तीचं हिरवं कासव वयात आलं की बहुतांशी शाकाहारी होतं. (हिरवं म्हणायचं ते पाठीमुळे नव्हे, आतल्या हिरवट चरबीमुळे.)

समुद्री गवतालाही शेवाळ समजू नये. त्याला मुळं असतात, वाळूत आडवं पसरणारं खोड असतं, पाण्याखाली फुलं येतात आणि परागकण प्रवाहासोबत वाहत जातात. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी त्याचे पूर्वज जमीन सोडून पुन्हा समुद्रात उतरले. जगभरात जाती जेमतेम साठ-सत्तर, पण कामं किती! पाती पाण्याचा जोर मोडतात, गढूळपणा खाली बसवतात. मुळं वाळू धरून ठेवतात. पात्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. गाळात गाडली गेलेली मुळं आपल्यातला कार्बन शतकानुशतकं तिथेच डांबून ठेवतात.

लक्षद्वीपमध्ये पूर्वी कासवाची शिकार होई. त्याचं तेल होड्यांना लावत. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ती आटोक्यात आली. पुढे अगत्तीच्या उथळ, निवांत लगूनमध्ये कासवांचे थवेच्या थवे चरू लागले. कासव चरतं तेही हुशारीनं: पातं बुडाशी तोडतं, जुनं टोक वाहून जातं आणि नव्यानं फुटलेला कोवळा कोंब खायला तेच कासव परततं. थोडी कासवं असतील तर हे गवताला सोसतं, थोडं मानवतंही. संख्या वाढली की फुलण्याइतकीही उसंत मिळत नाही; शेवटी आडवं खोडच दुबळं होतं आणि वाळू उघडी पडते.

म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या रोहन आर्थर, तेरेसा अल्कोव्हेरो, नचिकेत केळकर आदी संशोधकांनी या लगूनमध्ये वर्षानुवर्षं मोजमाप केलं. मच्छीमारांचं म्हणणं खोटं नव्हतं: जिथे चराई जास्त, तिथे मासेही कमी. अगत्तीचं कुरण ओसाड झाल्यावर कासवं इतर बेटांच्या लगूनकडे वळली आणि तिथेही तेच घडलं.

मग दोष कासवाचा? मला तसं वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शार्क बेमध्ये कासवं आणि गवत खाणारे ड्युगाँग दोन्ही आहेत, तरी तिथे विस्तीर्ण कुरणं उभी आहेत. त्यातल्या एकाच रोपाचा पसारा सुमारे 180 किलोमीटर असल्याचं 2022मध्ये जाहीर झालं. तिथे टायगर शार्क आहेत. शार्कचा वावर असेल तिथे कासव निर्धास्तपणे चरत नाही. धोक्याच्या जागा टाळतं आणि तिथलं गवत वाचतं. शार्कनं कासवं खाण्याइतकीच त्याची भीतीही कुरणाला राखते. जगभर शार्कची बेसुमार मासेमारी झाली. कासव वाचवताना त्याच्यामागचा शार्क आपण हिशेबात धरलाच नाही.

गावच्या गायरानात गुरं किती सोडायची, याचे संकेत असत. लगूनमध्ये ते पाळायला लावणारा गुराखी दातांचा होता. आता कायदा कासवाच्या बाजूनं, पोट मच्छीमाराच्या बाजूनं. गवताची बाजू घ्यायला कुणी नाही. संशोधकांनी लगूनमध्ये काही जागा जाळीच्या पिंजऱ्यांनी बंद करून पाहिल्या. आत पाती पुन्हा उंच होऊ लागली. जाळीबाहेर नुसती कातरलेली खुंटं.