सांध्यातील लपलेली चीर दाखविणारा ‘डाय’

क्रिकेट खेळताना खांदा निखळतो, तो जागेवर बसविला जातो आणि काही महिन्यांनी माळ्यावरची पेटी काढताना पुन्हा निखळतो. एमआरआयच्या अहवालात मात्र ठळक दोष आढळत नाही. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञ ‘एमआर आर्थ्रोग्राम’ सुचवितात आणि पुन्हा तोच खर्च कशासाठी, असा प्रश्न रुग्णाला पडतो. प्रश्न रास्त असला, तरी दोन्ही तपासण्या एकच नव्हेत.

खांद्याची खोबण मुळातच उथळ. तिच्याभोवती ‘लॅब्रम’ ही तंतुमय कडा असते आणि ती खोबणीला खोली देते. खांदा पुढच्या बाजूस निखळताना पुष्कळदा ही कडाच सुटते. एरवी सांध्याचे आवरण रिकाम्या पिशवीसारखे मिटलेले असते, फाटलेले भाग एकमेकांना टेकलेले असतात. त्यामुळे साध्या एमआरआयमध्ये चीर निसटू शकते. पिशवीत द्रव भरला की ती फुगते, द्रव चिरेत शिरतो आणि चित्रात पांढरी रेघ उमटते. दुखापत ताजी असताना सांध्यात साठलेले रक्त व पाणीच हे काम करते; तेव्हा डायची गरज भासत नाही.

त्वचा बधिर करून, क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या साह्याने बारीक सुई सांध्यात नेली जाते. सुमारे दोनशे पट पातळ केलेले गॅडोलिनियम खांद्यात साधारण १० ते १५ मिलिलिटर मावते. ‘फ्रोझन शोल्डर’मध्ये आवरण आक्रसलेले असल्याने त्याहून बरेच कमी. द्रव शोषला जाण्यापूर्वी, शक्यतो अर्ध्या-पाऊण तासात, एमआरआय काढावा लागतो. म्हणूनच सुई एका केंद्रात आणि यंत्र दुसऱ्या केंद्रात, अशी व्यवस्था गैरसोयीची ठरते. एमआरआयला न चालणारा पेसमेकर असल्यास आयोडिनयुक्त डाय भरून सीटी स्कॅन करता येतो. खुब्याच्या लॅब्रमसाठी, तसेच गुडघ्यातील गादी शिवल्यानंतर ती पुन्हा फाटली काय, हे पाहण्यासाठीही ही तपासणी केली जाते.

डायची मात्रा शिरेतून देण्याच्या तुलनेत अत्यल्प असते. एक-दोन दिवस सांधा जड वाटतो, दुखतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो. परंतु दुखणे वाढत गेले, ताप आला किंवा सांधा लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीची डायची ॲलर्जी आणि गर्भावस्था यांची माहिती सुई टोचण्यापूर्वीच द्यावी.